आधी ब्रेक, मग इंजिन

दादा, वाड्यात पंधरा वर्षं उभी असलेली १९७४ची प्रीमियर पद्मिनी मोटार पुन्हा चालू कशी करायची, असं तुम्ही विचारलंत. नवी बॅटरी लावून थेट सेल्फ मारा, हा इथे दिला गेलेला सल्ला कृपया मानू नका. आमच्या परभणीच्या गाडीवर मी तीच घाई केली आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या. चारही स्पार्क प्लग काढा, त्या भोकांतून इंजिनच्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या. मग हाताने इंजिन फिरवायच्या हँडलने ते हळूहळू फिरवा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, नाहीतर गंज थेट कार्बोरेटरमध्ये.

आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरमध्ये दगडासारखा बसतो. तो उघडून साफ करून घ्याच, मे महिन्यात गाडी तिथेच दगा देते. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का तेही बघा. आणि चाकांतल्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबर न बदलता गाडी फाटकाबाहेर काढू नका, हे हात जोडून सांगतो.

कागदांचं म्हणाल तर २०२१च्या नियमाने ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा खास क्रमांक मिळतो, पण त्यावर रोज फिरता येत नाही. बाजारहाटाला वापरायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचंच नूतनीकरण करा.