मदत हवी आहे: ओवेन्स व्हॅलीचा 1907 चा टोपो (जमिनीचे चढउतार दाखवणारा) नकाशा सॅटेलाइट इमेजवर बसत नाहीये

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीत रँचवाल्यांनी खणलेले जुने पाट मला आजच्या नकाशावर आणायचेत. सिएरा नेवाडा आणि इन्यो डोंगरांमधलं हे कोरडं खोरं, तरी ओढ्यांच्या पाण्यावर गुरं, अल्फाल्फा (गुरांचा चारा), सफरचंदाच्या बागा सगळं होतं, मग लॉस एंजेलिसने पाण्यासाठी जमिनी घेतल्या, 1913 ला 233 मैलांचा कालवा सुरू झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ओवेन्स तलाव कोरडाठाक. खोऱ्यातल्या मांझनारला तेव्हाची नासपतीची काही झाडं अजून उभी आहेत पण त्यांना पाणी कुठून यायचं ते जमिनीवर सहज कळत नाही, फार वाईट वाटतं.

यूएसजीएसच्या (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खातं) टोपोव्ह्यू या जुन्या नकाशांच्या साइटवरून माउंट व्हिटनी शीट (1:125,000) फुकट उतरवली. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 10-10 मिनिटांच्या ग्रॅटिक्यूलच्या (अक्षांश-रेखांशांच्या रेघांची जाळी) छेदांवर नकाशा बसवायचे पॉइंट दिले, एरर अगदी कमी येते. पण नॅरोगेज रेल्वेचा जुना भराव इमेजवर अजून दिसतो ना, त्याच्याशी ताडून पाहिलं तर कुठे 150 मीटर तर कुठे 300 च्या वर फरक, आणि दिशाही एक नाही. नॅड 27 हा उत्तर अमेरिकेचा 1927 चा डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया), त्याचा आजच्या डेटमशी फरक त्या भागात 80 मीटरच्या आसपास असतो, म्हणजे नुसता डेटमचा घोळ नाही, शिवाय नकाशा त्या डेटमच्या 20 वर्षं आधीचा. आणि या स्केलला कागदावरचा 1 मिमी म्हणजेच 125 मीटर.

आता विचारायचंय ते हे. ग्रॅटिक्यूल सोडून रेल्वे, ओढ्यांची तोंडं, जुने रस्त्यांचे फाटे असे पॉइंट घेऊन थिन प्लेट स्प्लाइन (प्रत्येक पॉइंट जागेवर बसेल असा नकाशा रबरासारखा ताणायची पद्धत) लावू का? का त्याने मधला भाग उगाच ताणला जाईल? दुसरं, पाट आणि ओढा ओळखायचा कसा? ओढा कंटूर (समान उंचीच्या रेषा) कापत उतरतो, पाट कंटूर धरून चालतो हे ठीक, पण इथे कंटूर 100 फुटांचे, खोऱ्याच्या तळाला ते इतके लांब लांब की काही ठरवताच येत नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या इंचाला मैलवाल्या जुन्या शीट कुणी अशा बसवल्या असतील तर तुम्ही कुठले पॉइंट धरले तेवढं तरी सांगा प्लीज, स्क्रीनशॉट लागले तर टाकतो.