तिखटाला जाळी धरली आणि गोडा मसाला खवट, काय चुकलं?

भिजलेली_छत्री: मंडळी, मदत हवीय. एप्रिलमधे आईने सांगलीहून वर्षाचं सगळं करून पाठवलं, डंकावरून कांडून आणलेलं २ किलो तिखट, १ किलो गोडा मसाला आणि हळद. मी ते प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलं, हाताशी असावं म्हणून. काल तिखटाचा डबा उघडला तर आत जाळी, आणि दोन तपकिरी किडे निवांत फिरतायत. गोड्या मसाल्यात किडा नाही पण वास खवट येतोय. हळद ठीक वाटतेय. तिखट चाळून, उन्ह पडलं की वाळवून वापरलं तर चालेल का? आणि आजीच्या बरणीत हेच सगळं वर्षभर कसं राहायचं? मी डोंबिवलीत राहते, जूनपासून घरात मीठसुद्धा पाझरतंय. फ्रीजमधे ठेवला तर मसाल्याचा वास जातो म्हणतात, खरंय का?

तिरफळ: अगं चाळू नकोस, टाकून दे. किडे चाळणीत अडकतील पण अंडी आणि त्यांची घाण खालीच जाणार. वाईट वाटतं, माहितीय, माझंही एकदा दीड किलो गेलंय.
आता बरणीचं सांगते. आमच्याकडे (कुडाळ) मिरच्या देठं काढून इतक्या वाळवतात की मुठीत धरली तर कडकन मोडली पाहिजे, वाकली तर अजून एक दिवस ऊन. मग डंकावरून मसाला येतो तो गरम असतो, आणि इथेच बहुतेकजण फसतात, गरम गरम डब्यात भरतात, झाकण लावतात, आतल्या आत घाम सुटतो आणि मग पावसाला नावं ठेवतात. रात्रभर पेपरवर पसरून पूर्ण गार करायचा. बरणी धुवून उन्हात तापवून, ती पण गार करून, तळाशी खडा हिंग, मग मसाला दाबून दाबून भरायचा म्हणजे मधे हवा राहत नाही, वर परत हिंगाचे खडे आणि तोंडाला दादरा (फडकं) बांधायचा. पण खरी गोष्ट हिंग नाही. आजी ती मोठी बरणी रोज उघडायची का? नाही ना. पंधरा दिवसांचा काढून छोट्या डब्यात घ्यायची, तोही कोरड्या हाताने. तू २ किलोचा डबा दिवसातून दोनदा गॅसच्या वाफेत उघडत होतीस.

आळशी_सुगरण: +१ वाफेला. उकळत्या आमटीवर डबा धरून चमचा झाडायची सवय आमच्या घरात सगळ्यांना होती, मसाल्याचे गोळे व्हायचे आणि दोष मसाल्याला.
गोड्या मसाल्याचं कारण वेगळं आहे पण. त्यात खोबरं आणि तीळ असतात, दोन्हींत तेल, ते गरम जागी खवट होणारच, किडा लागो न लागो. मी आता धणे, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, नागकेशर वगैरे एवढंच भाजून कुटून ठेवते, आणि भाजलेलं खोबरं-तीळ महिन्यापुरतं कुटून त्यात मिसळते. सासूबाईंना पटलेलं नाही, "हा गोडा मसालाच नव्हे" म्हणतात, पण आमटी दोनदा मागून घेतात.
आणि वर्षाचं एकदम करायचा हट्ट कशाला? जिरं, मिरी, वेलची अख्खी ठेवली तर कितीतरी जास्त टिकतात, पूड झाली की वास उडायला लागतो. जायफळ तर लागेल तेव्हाच किसावं.

थंडीतला_मराठी: न्यू जर्सीतून. फ्रीजमधे वास जातो हे अर्धसत्य आहे, झाकण नीट नसेल तर जातो, आणि मसाल्याचा वास दुधाला लागतो तो वेगळाच! भारतातून आणलेला मसाला मी आल्या आल्या हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमधे टाकतो. उणे १८ ला चार दिवस राहिला की अंडीसुद्धा मरतात. महत्त्वाचं म्हणजे बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही, पिशवी खोलीइतकी गरम होऊ द्यायची, नाहीतर गार मसाल्यावर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं. म्हणून छोट्या छोट्या पिशव्या.

तिरफळ: फ्रीझरचं मान्य. पण रोजचा डबा फ्रीजमधे नको हो, आत-बाहेर आत-बाहेर करून ओलाच होतो.

रस्सा_प्रेमी: कोल्हापूरकर हजर. कांदा-लसूण मसाल्याला वरचे नियम जसेच्या तसे लावू नका, त्यात कांदा, लसूण असतात, ते तळून अगदी कुरकुरीत झाले नसतील तर बुरशी ठरलेली. आम्ही मीठ सढळ घालतो.
दुसरं, काचेच्या पारदर्शक बरण्या उघड्या फळीवर ओळीने मांडायची फॅशन आलीय, फोटो छान येतो पण तिखटाचा लाल रंग उजेडाने उतरतो, हळद पण फिकी पडते. ब्याडगी मिरची आपण घेतो कशाला, रंगासाठीच ना, तिखटपणाला संकेश्वरी-लवंगी आहेच. एवढे पैसे देऊन रंग उन्हाला दान कशाला करायचा? काच असेल तर बंद कपाटात.
आणि नवीन सामान घेशील तेव्हा लवंग पाण्यात टाकून बघ, चांगली असेल तर बुडते, तेल काढून घेतलेली तरंगते.

भिजलेली_छत्री: सगळ्यांचे आभार __/\__ तिखट टाकलं, गोडा मसाला पण. फळी रिकामी केली तर हळदीच्या डब्याला आतून दव आलेलं, म्हणजे तिचाही नंबर लागलाच होता, वरवर नीट असलेली हळद छोट्या बाटलीत घेतलीय. अख्खे खडे मसाले बेडरूमच्या कपाटात गेलेत, नवऱ्याच्या शर्टांना आता दगडफुलाचा वास येणार. आईला अजून सांगितलं नाहीये. ती काल फोनवर विचारत होती, "तिखट कसं आलंय यंदा?" मी म्हटलं, झणझणीत.

तिरफळ: सांगून टाक गं. ती आधी ओरडेल आणि मग अर्धा किलो परत पाठवेल.