साउथ कॅरोलायनातल्या निळीचं श्रेय इलायझा पिंकनीलाच का?

वाटसरू
इलायझा लुकास पिंकनी. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत, चार्ल्सटनजवळच्या वापू मळ्याची कारभारीण. वडील १७३९ मध्ये लष्करी कामासाठी अँटिगाला परतले आणि जेमतेम सतराव्या वर्षी तीन मळ्यांचा कारभार तिच्या गळ्यात पडला. वडिलांनी वेस्ट इंडीजमधून निळीचं बी पाठवलं, पहिलं पीक थंडीनं मारलं, तरी पोरगी हटली नाही. १७४४ मध्ये पीक साधलं, बी शेजारच्या मळेवाल्यांना वाटलं. १७९३ मध्ये ती गेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला जॉर्ज वॉशिंग्टन. १९८९ मध्ये तिथल्या बिझनेस हॉल ऑफ फेममध्ये नाव.

आता नीळ कशी करतात ते बघा. कापलेला पाला हौदात कुजवायचा. ते पाणी दुसऱ्या हौदात सोडून तासन्तास बडवायचं. चुन्याची निवळी कधी घालायची, किती घालायची, हे पाण्याच्या रंगावरून ओळखायचं. तळाशी बसलेला गाळ पिशव्यांतून निथळवून त्याच्या वड्या पाडायच्या. दुर्गंधी अशी की माश्यांचे थवे. यातलं इलायझानं काय केलं?

मॉन्टसेराट बेटावरून आणलेल्या क्रॉमवेल नावाच्या गोऱ्या कारागिरानं चुना जास्त घालून माल नासवला. स्वतःच्या बेटाचा धंदा बुडू नये म्हणून मुद्दाम, असं तिचंच म्हणणं. पुढे वडिलांनी फ्रेंच बेटावरून एक जाणकार काळा कारागीर पाठवला. हौद बांधले क्वाश या गुलाम सुतारानं. कौतुकाच्या गोष्टीत त्या कारागिराला नावसुद्धा नसतं. आयत्या बिळावर नागोबा!

खडूस_काका
अहो, आजची फूटपट्टी अठराव्या शतकाला लावू नका. कारखानदार स्वतः यंत्रावर बसतो का? जोखीम तिची, चिकाटी तिची. तिची पत्रं वाचा: दोन काळ्या मुलींना ती वाचायला शिकवत होती, पुढे त्यांनी इतर मुलांना शिकवावं म्हणून. त्या काळात किती मळेवाले हे करत होते?

वाटसरू
यंत्रावर बसणाऱ्याला पगार मिळतो काका, आणि संध्याकाळी तो घरी जातो.

तागडी
दोघेही माणसांत अडकलात. फ्रान्सशी युद्ध जुंपलं, फ्रेंच निळीची वाट अडली, शिवाय तांदळाची निर्यात रोडावली, म्हणून कॅरोलायनाचे मळेवाले निळीकडे वळले. १७४८ मध्ये ब्रिटिश संसदेनं निळीच्या दर पौंड वजनामागे सहा पेन्स बक्षीस लावलं. १७७५ च्या सुमारास निर्यात वर्षाला १० लाख पौंड वजनावर गेली. स्वातंत्र्यानंतर बक्षीस बंद झालं, बंगालची नीळ बाजारात आली आणि कॅरोलायनाची नीळ गडगडली. हुशारीच सगळं असती तर मालकिणीच्या वारसांनी टिकवली असती की!

सातारी_तडका
आणि बंगाल-बिहारात काय झालं? चंपारणात तीनकठिया: बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीनांत नीळ लावायचीच. तिथे गुलाम नव्हते, तरी रयत पिळलीच गेली. नीळ म्हटली की हेच.

खडूस_काका
मग हेच म्हणतोय मी. सगळीकडे सारखंच होतं, एकट्या बाईला का धरता?

वाटसरू
सारखं नव्हतं. चंपारणचा शेतकरी कुळ होता, कर्जात आणि करारात अडकलेला, पण १९१७ मध्ये तो गांधींपुढे उभा राहून जबानी देऊ शकला. वापूपासून जवळच, स्टोनो नदीकाठी, १७३९ मध्ये गुलामांनी उठाव केला तेव्हा त्यांची मुंडकी रस्त्याकडेला खांबांवर लावली. पुढच्याच वर्षी गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा ठरवणारा कायदा आला. तुमच्या त्या दोन मुली याच काळातल्या. वाचायची परवानगी, लिहायची नाही.

खडूस_काका
क्वाशला पुढे पिंकनींनी मुक्त केलं, हेही सांगा ना.

वाटसरू
सांगतो. एकाला. आणि १७८७ च्या राज्यघटना परिषदेत तिच्याच थोरल्या मुलानं, चार्ल्स कोट्सवर्थनं, गुलामांच्या आयातीची मुभा १८०० ऐवजी १८०८ पर्यंत वाढवावी असा प्रस्ताव मांडला. तो मंजूर झाला.

खडूस_काका
मुलाचं पाप आईच्या खात्यात टाकू नका! पण हॉल ऑफ फेममध्ये त्या फ्रेंच बेटावरच्या कारागिराबद्दल एक ओळ हवी, एवढं मान्य. वर नाव मात्र इलायझाचंच.

तागडी
आणि खाली ते सहा पेन्स.