शब्दचर्चा: 'ग्रोथ फॅक्टर'मधला 'घटक' आणि 'दाह'

निशिगंध:
कर्करोगाच्या रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. एर्लोटिनिब, सेटुक्सिमॅब यांसारखी औषधं 'एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर'चा पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर, म्हणजे तो जिथे येऊन बसतो ती जागा) अडवतात. ती घेणाऱ्या बऱ्याच जणांना पहिल्या पंधरा दिवसांतच चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर मुरमांसारखं पुरळ येतं. मी लिहिलं, 'औषध त्वचेचा वाढघटक रोखतं, त्यामुळे त्वचेचा दाह होतो.' आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "वाढच रोखली तर पुरळ कसं उठेल?" शिवाय 'इन्फ्लमेशन'साठी मी लिहिलेला 'दाह' म्हणजे तिला नुसती आग होणं वाटलं. काय लिहू?

वाटसरू:
'वृद्धिघटक' टाळलंत हे बरं केलंत. आमच्याकडे वृद्धी म्हटलं की अजूनही बाळंतघरची वृद्धी आठवते! माझी अडचण मात्र 'घटक' या शब्दाशी आहे. बेसन हा लाडवाचा घटक, म्हणजे ज्याने वस्तू बनते ते. हे प्रथिन काही त्वचेचा कच्चा माल नाही. 'वाढकारक' कसा वाटतो?

कातळ:
वाटसरू, 'घटक'बद्दल पूर्ण सहमत. पण 'कारक'नेही आईंचा प्रश्न सुटत नाही, कारण गोची 'वाढ' या शब्दातही आहे.

स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधी उघडले, दातही लवकर आले. त्या अर्कातलं ५३ अमिनो आम्लांचं प्रथिन म्हणजे हा फॅक्टर. कोहेन आणि रीटा लेवी-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं ते याच शोधांसाठी. जे काम आधी दिसलं त्यावरून बारसं झालं, बाकीची कामं मागाहून कळली.

मुळात हा एक निरोप आहे. तो पोचला की त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशी वाढतात, सरकतात, जखम झाकतात. त्याच निरोपामुळे त्या पांढऱ्या पेशींना बोलावणं आवरतं घेतात. औषधाने निरोप अडवला की केमोकाइन नावाची बोलावणारी प्रथिनं जास्त सुटतात, आणि पेशींची स्वतःची जंतुनाशक प्रथिनं कमी पडतात. कातडीत पांढऱ्या पेशींची गर्दी होते, तेच ते पुरळ. मुरुमांत दिसणारे काळे-पांढरे दाणे त्यात नसतात. पत्रकात हे जरूर लिहा, लोक मुरमांची मलमं चोपडत बसतात.

म्हणून याला 'शांत करणारा' म्हणावं, तर तेही फसतं. सोरायसिसमध्ये याच ग्राहीवर बसणारा दुसरा निरोप, टीजीएफ-अल्फा (ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-अल्फा), वाढलेला असतो. कातडी भराभर वाढते आणि लालही होते. टीजीएफ-बीटा तर नावात 'ग्रोथ' मिरवतो आणि केराटिनोसाइटची वाढ रोखतो!

वाटसरू:
मग 'कारक' मागे घेतो. 'दाह'चं काय? मराठी विश्वकोशात 'शोथ' आहे, 'दाहयुक्त सूज' असंही येतं. मला दुसरं आवडतं. नुसती 'सूज' चालणार नाही. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, त्याला कोणी इन्फ्लमेशन म्हणणार नाही. 'शोथ' बरोबर आहे, पण आईंना तो 'शोध' वाटेल.

कातळ:
सेल्सस या प्राचीन रोमन वैद्यक-लेखकाने सांगितलेली इन्फ्लमेशनची चार लक्षणं आपल्याकडे रोजच्या बोलण्यात आहेतच: लाली, सूज, ऊब, ठणका. एकच शब्द हवा हा हट्ट रुग्णासाठीच्या मजकुरात कशाला?

निशिगंध:
आता असं केलंय: 'त्वचेच्या पेशींना वाढीचा आणि संयमाचा निरोप देणारं एक प्रथिन असतं. औषध हा निरोप अडवतं. मग त्वचेत पांढऱ्या पेशी गोळा होतात. ती लाल होते, सुजते, खाजते, पुरळ उठतं.' आईला पहिल्या वाचनात कळलं. पुढच्या परिच्छेदात 'नखाभोवतीचा दाह' होता, तो तिनेच खोडून 'नखुरडं' लिहिलं.

कातळ:
नखुरडंच ठेवा. फक्त 'संयमाचा' ऐवजी 'आवरण्याचा' करता येईल का बघा, पेशीला संयम जरा जड जातो.