वस्तीतल्या नाटकाचा शेवट कोणी ठरवायचा?

तालीमवेडा
उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्त्यांमधून नाट्यशिबिरं भरतात. खेळ होतात, गाणी होतात, मुलं आपल्या गल्लीतले प्रसंग उभे करतात आणि त्यातून नाटिका बसते. इथवर मला काहीच खटकत नाही. खटकतं ते पुढचं. शिबिर घेणारे ताई-दादा शेवटच्या दोन दिवसांत शेवट 'नीट' करतात. बाप बाटली फेकून देतो, मुलगी शाळेत जाते, सगळे हात धरून गातात आणि प्रमुख पाहुणे खूश होतात.

एका शिबिरात मुलांनी टँकरवरचं भांडण बसवलं होतं. दोघी तावातावाने भांडतात, तोवर टँकर निघून जातो. मग दोघी खाली बसून एकमेकींच्या पाइपांची गाठ सोडवायला लागतात. हे त्या पोरांनी स्वतः शोधलेलं. दिग्दर्शकाने तिथे नगरसेवक आणला आणि नळ आणला. नगरसेवक झालेल्या मुलानेच विचारलं, "दादा, पण आपल्याकडे कुठे आलाय नळ?"

माझं स्पष्ट मत आहे की बाहेरून आलेल्या कलाकाराने शेवटाला हात लावू नये. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांना हे एका शेतकऱ्याने शिकवलं. साठच्या दशकात त्यांची मंडळी गावोगाव नाटक करून सांगत होती की जमिनीसाठी रक्त सांडा. व्हर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून म्हणाला, चला तर मग, तुमच्या बंदुका घेऊन जमीनदाराच्या माणसांना हुसकावू. बंदुका खोट्या आहेत आणि आम्ही फक्त कलावंत आहोत, हे सांगायची पाळी बोआलवर आली. तेव्हा त्या शेतकऱ्याच्या लक्षात आलं की सांडायचं रक्त आपलंच होतं, यांचं नव्हे. उपदेशाची नाटकं बोआलनी त्यानंतर सोडली.

गल्ली_नंबर_चार
पूर्ण असहमत. मी वस्तीतच काम करते. दहा वर्षांचा मुलगा आईला होणारी मारहाण उभी करतो आणि बाप प्रेक्षकांत उभा असतो. रात्री तो मुलगा त्याच घरी जाणार आहे. मुलांनी आणलं तसंच ठेवा, असं म्हणून शिबिरवाले सुटतात, ते पोर सुटत नाही. अशा वेळी ताईने हात घालायलाच हवा. घर बदला, नाती बदला, मुखवटे घाला, आणि गरज पडली तर तो प्रसंग तालमीतच ठेवा, मंचावर आणू नका.

विंगेतून
मी थोडा वेगळ्या बाजूने विरोध करतो. 'मुलांचं आहे, जसं येईल तसं' या नावाखाली तिसऱ्या रांगेत आवाज पोहोचत नाही, पाठ फिरवून वाक्यं बोलली जातात, आणि आपण कौतुक करून घरी जातो. त्या मुलांना आपण कमी लेखतो, दुसरं काही नाही. ठाण्यात २०१४ पासून रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून 'वंचितांचा रंगमंच' उभा राहिला. तिथे विषय आणि अनुभव वस्तीतल्या मुलांचे, पण जाणते रंगकर्मी त्यांच्यासोबत बसले. तसं बसायला हवं.

शिवाय १९८३ मधलं स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' बघा. संहिता ज्योती म्हापसेकर यांची, करणाऱ्या बायका व्यावसायिक नट्या नव्हत्या. नाटकाला ठाम म्हणणं होतं आणि ते गावोगाव पोहोचलं. तिथे लेखिकेने शेवट लिहिला म्हणून नाटक बायकांचं राहिलं नाही का?

तालीमवेडा
@विंगेतून, राहिलं, कारण लेखिका त्याच लढ्यातली होती. मी बाहेरच्याबद्दल बोलतोय. अहमदाबादच्या छारानगरमधलं बुधन थिएटर घ्या. छारा समाज म्हणजे आपल्याकडच्या कंजारभाटांचे भाऊबंद. १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. बंगालमध्ये अशाच जमातीतला बुधन सबर पोलीस कोठडीत मेला, त्यावर १९९८ मध्ये याच वस्तीतल्या तरुणांनी नाटक उभं केलं. पोलिसांचा मार त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

खडू_आणि_फळा
'आतला' म्हणजे नक्की कोण, दादा? वस्तीतही चालतं कोणाचं हे ठरलेलं असतं. मंडळाची मोठी मुलं हिरो होतात, मुली चहा आणणाऱ्या होतात, आणि ज्या मुलीला ऐकू येत नाही तिला झाड करून कोपऱ्यात उभं करतात. वस्तीला ठरवू द्या म्हटलं की बहुतेक वेळा हेच ठरतं.

आमच्या गटात अशी एक मुलगी होती. गोलात उभं राहून शेजाऱ्याला टाळी 'द्यायचा' खेळ सगळेच घेतात. तो आवाजावर चालला की ती बाहेर. ताईने नियम बदलला: समोरच्याची नजर मिळाल्याशिवाय टाळी द्यायची नाही. बाकीची पोरं चुकायला लागली आणि ती एकदाही चुकली नाही. पुढे नाटकातल्या सगळ्या एंट्र्या तिच्या हाताच्या खुणेवर बसवल्या. हे मुलांमधून आपसूक आलं नसतं, कलाकाराने अधिकार वापरला म्हणून झालं.

तालीमवेडा
हे मला पटतं, आणि ते माझ्या मुद्द्याच्या आड येत नाही. ताईने खेळाचे नियम बदलले, गोष्ट नाही बदलली.

बांधावरून
शेवट लिहायचाच नाही, हाही रस्ता आहे. बंगालची 'जन संस्कृती' ही नाट्यसंस्था १९८५ मध्ये सुंदरबनच्या गावांत सुरू झाली आणि पुढे बोआलच्या पद्धतीने तेच करू लागली. अन्यायाचा प्रसंग दाखवायचा, मग सूत्रधार प्रेक्षकांना बोलावतो, कोणी उठून पात्राची जागा घेतो आणि वेगळं करून बघतो. पण त्यासाठी त्याच गावात पुन्हा पुन्हा जावं लागतं. दहा दिवसांच्या शिबिरात ते बसत नाही. देणगीदाराला समारोपाचे फोटो हवे असतात आणि निम्मा पैसा मांडव-स्पीकरवर जातो. माझ्या मते मांडव रद्द करून त्या पैशात वर्षभर दर रविवारची तालीम ठेवावी.

गल्ली_नंबर_चार
रविवारच्या तालमीला माझा पाठिंबा. तुमच्या सूत्रधाराबद्दल मात्र मला शंका आहे. प्रेक्षकांत मुकादम बसलेला असताना एखादी बाई उठून मजुरी मागायचा प्रसंग करते, सगळे वाहवा करतात. सोमवारी सकाळी सात वाजता ती त्याच मुकादमापुढे कामासाठी उभी असते. तिला मंचावर बोलावणारे त्या दिवशी नाक्यावर येणार असतील, तर मी स्वतः तिला उठ म्हणेन.