मदत हवी आहे – केमोनंतर आईच्या हातापायाला बधिरपणा

नमस्कार, आम्ही सोलापूरचे. आईला ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन झालं, आधी एसी नावाच्या केमोचे ४ डोस आणि मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमोच्या औषधाचे १२, शेवटचा होऊन दोन महिने झाले. केस यायलेत, उलट्या थांबल्या, पण बोटांची टोकं आणि तळपाय अजून बधिर आहेत, रात्री मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले पॅक्लिटॅक्सेलनं नसांवर परिणाम होतो, हळूहळू कमी होईल, काहींना वर्षही लागतं.

परवा भाकरी टाकताना बोट तव्याला टेकलं तर तिला कळलंच नाही, फोड आल्यावर बघितलं. पंचवीस वर्षं बिड्या वळलेले हात, डोळे मिटून धागा बांधायची, आता ब्लाउजचं हुक लागंना म्हणून चिडती आणि मग गप बसती. ते गप बसणं जास्त त्रास देतंय बघा. शेंगाचटणी तर तोंड आलं तेव्हापासून बंदच, आता तोंड बरं आहे तरी म्हणती सगळं पत्र्यासारखं लागतंय.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा, बोटांसाठी कुठले व्यायाम केले? घरात घालायला चप्पल कसली घ्यावी, स्लिपर पायातून निघालेली तिला समजत नाही. आणि तोंडाला चव यायला काय दिलं? गोळ्या आणि बी१२चं डॉक्टर बघतायत, ते नको. काढे, भस्मंही कृपया सुचवू नका, नातेवाईकांनी ढीग लावलाय.