मदत हवी आहे: वहीत ठिपके वाढले, तोंड काही आवरत नाही

रामराम मंडळी. रावेरकडे आमचा 14 केळी उत्पादकांचा गट, अध्यक्षपद माझ्या गळ्यात. पिलबागेची (पहिल्या पिकानंतर बुंध्याच्या पिलांवर घेतलेल्या केळीची) कापणी सुरू असताना गाडी अडकली की माझं तोंड सुटतं. मागच्या आठवड्यात एका वयस्कर काकांना चारचौघांत बोललो. ते बैठकीला यायचेच बंद झाले.

अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन या जुन्या नेत्याने स्वतःला सुधारायला 13 गुण ठरवून आठवड्याला एक धरला होता, चुकलं की वहीत काळा ठिपका. त्यातलं ‘मौन’ मी धरलंय. ठिपके भरपूर, फरक शून्य! (बायको म्हणते, आणा इकडं वही, खरे ठिपके मी मांडते.)

रात्री कळतं, पण त्या क्षणी स्वतःला कसं पकडायचं? आणि गटातच विचारलं, ‘माझं काय चुकतं?’, तर लोक खरं बोलतील का? कोणी करून पाहिलंय?